आल्याचे पीक : आधी हवामान पाहा, मग भांडवल घाला

आले आणि आपले व्यापारी यांचा संबंध जुना आहे. सातारा, कराड, सांगली, सोलापूर या पेठांतील भाजीपाल्याच्या व्यापारात बागवान मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सुंठ, हळद, जडीबुटी विकणारे अत्तार तर आठवडी बाजारात हमखास भेटतात. म्हणजे आले ओले असो की वाळलेले, ते आपल्या हातातून जातच असते. अलीकडे मात्र एक नवा विचार आपल्या व्यापाऱ्यांत बळावलेला दिसतो. दुसऱ्याने पिकविलेले आले विकण्यापेक्षा ते आपणच का पिकवू नये? स्वतःची जमीन असेल तर तीत, नसेल तर एखाद्या शेतकऱ्याबरोबर भागीदारीत दोन-चार एकर लावून पाहावे, असे अनेकांना वाटू लागले आहे.

हा विचार एकाएकी आलेला नाही. 2023 साली आल्याचे भाव असे चढले की अनेक शहरांत किरकोळ विक्री किलोमागे 200 रुपयांच्या वर गेली. ज्यांच्या शेतात त्या वेळी माल होता त्यांचे कर्ज फिटले, घरे उभी राहिली. ते पाहून पुढच्या हंगामात लागवड वाढली, चढ्या भावाने बेणे घेतले गेले, आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव उतरला. महाग बेणे आणि स्वस्त माल या कात्रीत सापडलेल्यांत नव्याने या पिकात उतरलेले व्यापारीही होते.

भाव कोणाच्याच हातात नाही. पण आल्याच्या व्यवहारात बुडणाऱ्या पैशापैकी बराच भाग भावामुळे बुडतच नाही. तो चुकीच्या जमिनीत, चुकीच्या महिन्यात आणि रोगट बेण्यात बुडतो, आणि या तिन्ही गोष्टी पैसे घालण्यापूर्वी तपासता येतात. म्हणून व्यापाऱ्याने पिकात उतरायचे असो वा नुसता उभा माल घ्यायचा असो, या पिकाला काय मानवते हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

पाऊस किती, यापेक्षा कधी

आले हे उष्ण आणि दमट हवेचे पीक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीपर्यंत ते होते. एवढे सर्वांनाच माहीत असते. त्यापुढची गोष्ट अशी की या पिकाला वर्षाच्या निरनिराळ्या काळात निरनिराळे हवामान लागते. लागवडीपासून कोंब वर येईपर्यंत जमिनीत ऊब आणि बेताची ओल हवी. कोंब फुटून झाड वाढीला लागले की भरपूर आणि सारखे विभागलेले पाणी हवे, हवेत दमटपणा हवा, उष्णतामान 25 ते 30 अंशांच्या आसपास हवे. काढणीच्या आधी महिनाभर मात्र हवा कोरडी पाहिजे. या क्रमात उलटापालट झाली की पीक दगा देते.

मलबारात, म्हणजे वायनाड-कोझिकोडच्या बाजूला, हा क्रम निसर्गच पाळतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे पाऊस, जूनपासून मोठा पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीच्या पावसाचा आधार आणि मग कोरडा हिवाळा. म्हणूनच तेथे पावसाच्या पाण्यावर आले होते आणि शेकडो वर्षांपासून होत आले आहे. अरब व्यापारी ज्याला जंजबील म्हणत ते याच किनाऱ्यावरून जहाजात चढे. चौदाव्या शतकात कालिकतला आलेल्या इब्न बतूताने चिनी जहाजांचे वर्णन केले आहे. त्यात खलाशी लाकडी हौदांत भाजीपाल्याबरोबर आलेही लावीत, अशी नोंद आहे. जहाजावरच्या हौदात वाढणारे हे पीक शेतात मात्र इतके नाजूक का ठरते, असे कोणी विचारील. उत्तर पाण्यात आहे. त्याला पाणी हवे, पण मुळाशी साठलेले पाणी ते एक दिवसही सोसत नाही.

आपल्या महाराष्ट्रात कोकणात पाऊस भरपूर आणि हवा दमट आहे. जांभ्या जमिनीतून पाणी लवकर निघून जाते. नारळ-सुपारीच्या बागेतील विरळ सावली आल्याला मानवते. पण डिसेंबरनंतर पाण्याची सोय नसेल आणि उतारावर वाफे नीट काढलेले नसतील तर तेथेही पीक हाताला लागत नाही. घाटमाथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूला, पाऊस अतोनात. तेथून पूर्वेला उतरून आपण कोरेगाव, रहिमतपूर, कराड या पट्ट्यात आलो की पाऊस मध्यम होतो, विहिरी-कालव्यांचे पाणी मिळते, आणि जमीन मध्यम काळी व निचऱ्याची असते. महाराष्ट्रातील आल्याची जुनी पेठ याच पट्ट्यात वसली हा योगायोग नव्हे. आणखी थोडे पूर्वेला माण-खटावात गेलो की हवा कोरडी आणि पाण्याचा भरवसा नाही.

गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात फुलंब्री, खुलताबाद, कन्नड या बाजूला आले पसरले. ते ठिबक सिंचनामुळे. पाणी मोजून देता आल्याने पावसाची उणीव भरून निघते. पण मे महिन्यातल्या 40 अंशांच्या उन्हावर ठिबकची मात्रा पूर्णपणे चालत नाही. कोवळा पाला करपतो. म्हणून जाणते शेतकरी वाफ्याच्या कडेला तुरळक तूर किंवा एरंडी लावून सावली करतात, वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात. कोणी दुपारी फवाऱ्याने पाणी देऊन हवा थंड ठेवतात. हा खर्च सातारच्या शेतकऱ्यापेक्षा अधिक असतो, आणि भागीदारीचा हिशेब मांडताना व्यापारी नेमका हाच विसरतो.

जमीन पाहताना

जमीन पाहण्याची सोपी रीत अशी की पाऊस जोराचा पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी शेतात जावे. सरीत पाणी उभे असेल तर भाव कितीही असो, त्या शेतात आले लावू नये. खोल काळ्या, भेगा पडणाऱ्या जमिनीत ऊस उत्तम येईल, आले कुजेल. मध्यम, भुसभुशीत, पोयट्याची किंवा तांबूस जमीन, चांगले कुजलेले शेणखत आणि 20 ते 25 सेंटीमीटर उंच गादीवाफे, एवढे असले की निम्मे काम झाले. सपाट वाफ्यात आले लावण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

दुसरी चौकशी त्या शेतातल्या आधीच्या पिकाची. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या पिकांवर मर पाडणारा जीवाणू आल्यावरही येतो. अशा शेतात आले घेऊ नये. ज्या शेतात आले होऊन गेले तेथे तीनेक वर्षे पुन्हा लावू नये. केरळचे आले-शेतकरी कर्नाटकात म्हैसूर, हसन, कोडगू या जिल्ह्यांत जमिनी खंडाने घेतात आणि हंगाम झाला की नव्या जमिनीकडे वळतात, त्यामागे हेच कारण आहे. याचा आपल्या बाजाराशी थेट संबंध आहे. भाव चढला की हे लोक एकाच हंगामात लागवड कितीतरी वाढवू शकतात, आणि तो माल आला की वाशी काय नि पुणे काय, सातारच्या मालाचा भाव उतरतो. तेव्हा सातारच्या पेठेत बसून भावाचा अंदाज बांधणाऱ्याने कर्नाटकातली लागवड किती झाली याची खबर ठेवली पाहिजे.

बेणे : सर्वांत मोठा खर्च, सर्वांत मोठा धोका

आल्याला बी नसते. गड्डेच बेणे. एकरी साधारण 10 क्विंटल बेणे लागते. सातारच्या पेठेत 500 किलोंची एक गाडी धरतात, म्हणजे एकराला दोन गाड्या. समजा गाडीचा भाव 20,000 रुपये असेल तर एकरी 40,000 रुपये नुसते बेण्याला गेले. भाव 60,000 झाला तर 1,20,000 गेले. अजून नांगरट नाही, खत नाही, मजुरी नाही. तेजीच्या वर्षात लागवड करणे का धोक्याचे, हे एवढ्या हिशेबातून उघड होते. पेरतो तेव्हा आपण तेजीचा भाव मोजलेला असतो आणि काढतो तेव्हा काय मिळेल ते मिळते. उलट मंदीच्या वर्षी बेणे स्वस्त असते. जुने शेतकरी भाव कसाही असो, दरवर्षी ठरावीकच क्षेत्र लावतात आणि शक्यतो बेणे घरचे ठेवतात. आमच्या मते व्यापाऱ्यांनी त्यांच्यापासून घेण्यासारखी हीच गोष्ट आहे.

बेण्याचे गड्डे पूर्ण पक्व, 25 ते 50 ग्रॅम वजनाचे, दोन-तीन फुगीर डोळे असलेले हवेत. काढणीनंतर बेण्याला दोन ते अडीच महिन्यांची विश्रांती लागते. तोपर्यंत ते सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी साठवतात. लागवड सातारा भागात अक्षय तृतीयेच्या सुमारास, एप्रिल-मेमध्ये करतात. म्हणजे बेण्याचे आले फेब्रुवारीअखेर निघाले पाहिजे. एप्रिलमध्ये काढून लगेच ‘ताजे बेणे’ म्हणून कोणी विकू लागला तर ते घेऊ नये. लागवडीपूर्वी बुरशीनाशकाच्या द्रावणात बेणे बुडवून सुकवून घेणे आवश्यक आहे. त्याचे प्रमाण कृषी खात्याच्या सल्ल्याने ठरवावे, दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही.

जातींत महाराष्ट्रात चालते ती माहीम. साधारण 210 दिवसांत तयार होते आणि सुंठही बरी पडते. कोझिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने वरदा, महिमा, रेजाथा या जाती काढल्या आहेत. सुमारे 200 दिवसांत त्या तयार होतात. महिमा जातीत सुंठेचा उतारा 23 टक्क्यांपर्यंत सांगितला जातो आणि ती सूत्रकृमींना दाद देत नाही. रिओ-डी-जानेरो ही परदेशी जात ओल्या विक्रीला चांगली, गड्डा मोठा आणि रसाळ, पण वाळवली तर उतारा कमी. अत्तारांनी सुंठेसाठी माल घेताना जात विचारली पाहिजे ती यासाठी.

लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी लांब दांड्याच्या खुरप्याने माती हलवतात, तिला उटाळणी म्हणतात. त्याने मुळांना हवा मिळते आणि फुटवे वाढतात. खते, भर, तण काढणे हे सारे शेतकऱ्याला ठाऊक असते, त्यात व्यापाऱ्याने फार डोके घालू नये.

कूज ओळखता आली पाहिजे

जून ते सप्टेंबर हा काळजीचा काळ. ऊब आणि पाणी दोन्ही एकदम वाढले की कंदकूज सुरू होते. खालची पाने शेंड्याकडून पिवळी पडत येतात, खोड ओढले तर हातात सहज येते, गड्डा मऊ पडून घाण वास सुटतो. एका गड्ड्यापासून वाफा आणि वाफ्यापासून शेत, असे पाण्याबरोबर ते पसरते. जीवाणूजन्य मर त्याहून वाईट. पाने हिरवी असतानाच गुंडाळतात, झाड काही दिवसांत मान टाकते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी रोगट खोड कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरावे. पांढरट दुधासारखी धार पाण्यात उतरली तर ती जीवाणूची मर आहे. मग बुरशीनाशकावर पैसे उधळून उपयोग नाही. रोगट झाडे मातीसह काढून टाकणे, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाऊ न देणे आणि त्या शेतातले आले बेण्याला न वापरणे, एवढेच हातात राहते.

ही पेल्याची परीक्षा उभा माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

उभ्या मालाचा सौदा

आल्याचा सौदा पुष्कळदा माल जमिनीत असतानाच होतो. वरून पाला दिसतो, माल दिसत नाही. पाला दाट आहे म्हणून गड्डा मोठा असेलच असे नाही. जास्त नत्र घातलेल्या शेतात पाला उंच आणि गड्डा बारीक असेही होते. म्हणून शेताच्या चार कोपऱ्यांतून व मधून काही ठरावीक लांबीचे वाफे शेतकऱ्यादेखत खणून, माती झाडून वजन करावे आणि त्यावरून एकराचा अंदाज बांधावा. बरे जमलेले पीक एकरी 12 ते 20 गाड्या देते. काही शेतकरी याहून बरेच अधिक काढतात, पण त्यांच्या आकड्यावर आपला सौदा करू नये. झाकलेल्या मालाच्या व्यवहारात दोन्ही पक्षांना कळेल अशी नमुन्याची खणणी करणे हे नफ्याच्या दृष्टीने जितके बरे तितकेच नियतीच्या दृष्टीनेही.

नियतीचा विषय निघाला म्हणून आणखी एक बोलावेसे वाटते. सातारा जिल्ह्यात जुने आणि नवे आले वेगळे करून वेगळा भाव लावण्यावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात अलीकडच्या वर्षांत मोठा वाद झाला. आले हे असे पीक की भाव नसेल तर ते जमिनीत तसेच राखता येते, वर्ष-दीड वर्षानेही काढता येते. असे जुने आले घट्ट, टिकाऊ आणि तिखट असते, तर नव्याची साल कोवळी आणि माल लवकर सुकणारा. व्यापारी म्हणतात, मालात फरक आहे म्हणून भावात फरक. शेतकरी म्हणतात, बाजारात तुम्ही दोन्ही एकत्रच विकता आणि आमच्याकडून मात्र नव्याला पडेल भाव देता. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मालाची प्रतवारी करणे हा व्यापाराचा भागच आहे. पण प्रतवारी कोणती आणि तिचा भाव काय, हे खणणी सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. माल खणून ढीग लागला, टेंपो उभा राहिला आणि मग ‘यात नवा माल फार आहे’ म्हणून भाव पाडायचा, हा प्रकार कोणी करीत असेल तर त्यामुळे साऱ्याच व्यापाऱ्यांची पत जाते. बागवानांची पिढ्यांची पेढी शेतकऱ्यांच्या विश्वासावरच उभी राहिली आहे.

उचल देऊन आधीच भाव बांधून घेण्याचेही असेच. भाव चढला की शेतकऱ्याला फसल्यासारखे वाटते, उतरला की व्यापारी पाय मागे घेतो. त्यापेक्षा खर्चात आणि मालात वाटा ठरवून केलेली भागीदारी आम्हास बरी वाटते. मात्र ती लेखी हवी. बेणे कोणाचे, पाणी कोणाचे, पीक कुजले तर तोटा कोणी किती सोसायचा, माल जमिनीत राखायचा की काढायचा हे कोण ठरविणार, या प्रत्येक गोष्टीचे कलम असावे. महाराष्ट्रात कूळ कायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. खंडाने जमीन घेण्यापूर्वी सातबारा पाहून वकिलाचा सल्ला घ्यावा.

मंदीत सुंठ

भाव पडला की दोन वाटा उरतात. माल जमिनीत राखणे ही एक. त्याला पाणी द्यावे लागते, आणि पुढचा पावसाळा अंगावर आला की कुजण्याचा धोका पुन्हा सोसावा लागतो. दुसरी वाट सुंठेची, आणि ती आपल्या अत्तार व कारागीर बांधवांच्या जवळची आहे.

100 किलो ओल्या आल्यापासून 20 किलोंच्या आसपास सुंठ निघते. म्हणजे एक किलो सुंठेला पाच किलो आले आणि वर साल काढण्याची मजुरी. सुंठेचा भाव ओल्या आल्याच्या भावाच्या पाचपटीहून चांगला वर असेल तरच हा धंदा परवडतो. ओल्याच्या तेजीत सुंठ करणे म्हणजे तोटा ओढवून घेणे. सुंठेसाठी आले आठ-नऊ महिन्यांचे, पाला पूर्ण वाळलेले हवे. भाजीसाठी सहाव्या महिन्यापासून काढतात त्या कोवळ्या मालाची सुंठ सुरकुतते. साल बांबूच्या टोकदार कामटीने काढावी. लोखंडी सुरीने सुंठेवर डाग पडतात. आणि साल खोल काढू नये, कारण सुगंधी तेल सालीच्या लगेच खालीच असते. ज्याचा हात हलका त्याची सुंठ वासाची. मग धुऊन आठ-दहा दिवस उन्हात वाळवतात, ओल 10 टक्क्यांवर येईपर्यंत. पांढरी सुंठ करायची तर एक किलो विरवलेला चुना 120 लिटर पाण्यात कालवून त्यात बुडवतात आणि वाळवतात, सारखा रंग येईपर्यंत पुन्हा पुन्हा. गंधकाच्या धुरीने अधिक चमक येते खरी, पण निर्यातीच्या मालात ती अडचणीची ठरते आणि घरच्या गिऱ्हाइकालाही आपण ती देऊ नये. ओले आले चकचकीत दिसावे म्हणून तेजाबात धुण्याचे प्रकारही ऐकिवात येतात. तो सरळ गुन्हा आहे.

घरगुती प्रमाणावर आलेपाक, मुरब्बा, आले-लसूण वाटण यांनाही गिऱ्हाईक आहे. रमजानच्या महिन्यात वाटणाचा खप किती वाढतो हे सांगावयास नको. यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती करून घ्यावी.

ज्यांना येत्या हंगामात लागवड करावयाची आहे त्यांनी बेण्यासाठी शेते आताच हेरून ठेवावीत, आणि पीक हिरवे असताना, सप्टेंबरमध्ये, एकदा जाऊन पाहावीत. जानेवारीत पाला वाळल्यावर सर्व शेते सारखीच दिसतात. कूज होऊन गेलेले शेत कोणते, हे तेव्हा विकणाराच जाणतो.